कूलरवर चिकटवलेले १४४ बाइट

नागपुरात उन्हाळा लागला की कूलर बाहेर निघतात आणि घरोघरी तोच प्रश्न येतो: ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंचे पाण्याने भिजणारे पॅड, मागच्या वर्षी बदलल्या, की त्याच्या आधीच्या? हे उत्तर कूलरवरच लिहून ठेवता येतं, नाण्याएवढ्या एनएफसी स्टिकरमध्ये (एनएफसी म्हणजे अगदी जवळून चालणारा बिनतारी संपर्क). फोन टेकवला की तारीख दिसते. ताट्या बदलल्या की जुनी पुसून नवी लिहायची.

या स्टिकरला बॅटरी नसते. आत धातूचं सपाट वेटोळं आणि एक बारीकशी चिप, बस. फोन १३.५६ मेगाहर्ट्‌झचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, त्यात वेटोळं आलं की वीज निर्माण होते आणि तेवढ्यावर चिप चालते. उत्तर देताना ती स्वतःच्या लहरी सोडत नाही. विजेचा भार ठरावीक क्रमाने कमी-जास्त करते आणि तो फरक फोनला आपल्याच क्षेत्रात जाणवतो. हे साधारण ४ सेंटिमीटरच्या आतच जमतं. मेट्रोचं कार्ड गेटवर अगदी जवळ न्यावं लागतं, ते याच कारणाने.

लोखंडी कूलरवर मात्र साधा स्टिकर बहुधा मुकाच राहतो. चुंबकीय क्षेत्रामुळे पत्र्यातही प्रवाह फिरू लागतात, ते मूळ क्षेत्राला विरोध करतात आणि वेटोळ्याचा सूर बिघडतो. त्यासाठी मागे फेराइटचा, म्हणजे चुंबकीय क्षेत्र पत्र्यापर्यंत जाऊ न देणाऱ्या पदार्थाचा, थर असलेले ‘ऑन-मेटल’ स्टिकर मिळतात. फायबरच्या कूलरला साधा चालतो. चिप ७० अंश सेल्सिअसपर्यंत काम करते, पण मे महिन्यातल्या उन्हात तापलेल्या पत्र्यापेक्षा सावलीची बाजू केव्हाही बरी.

आता जागेचा हिशेब, आणि मराठी लिहिणाऱ्याने तो नीट समजून घ्यावा. एनटॅग २१३ या सर्रास मिळणाऱ्या चिपमध्ये वापरायला १४४ बाइट असतात. रोमन अक्षराला १ बाइट लागतो. देवनागरीत यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने प्रत्येक चिन्हाला ३, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी वेगळी चिन्हं. म्हणजे रोमन लिपीतलं नागपूर ६ बाइटचं, आपलं १८ बाइटचं. ‘ताट्या बदलल्या १२ एप्रिल’ एवढ्यालाच ६६ बाइट जातात. जास्त लिहायचं असेल तर ५०४ बाइटची एनटॅग २१५ किंवा ८८८ बाइटची २१६ घ्यावी. चिप साधारण १ लाख वेळा लिहिता येते, म्हणजे कूलरचं आयुष्य आधी संपेल.

अँड्रॉइडवर स्क्रीन उघडी हवी. आयफोन ७ पासून ॲपने वाचता येतं, लिहिण्याची सोय २०१९ च्या आयओएस १३ मध्ये आली. ॲप न उघडता स्टिकर ओळखणं आयफोन एक्सएस आणि त्यापुढच्या फोनना जमतं, तेही मुख्यतः लिंकसाठी. नुसता मजकूर असेल तर ॲप लागतंच. वाचनालयात शेकडो पुस्तकांना स्टिकर लावायचे असतील, तर संगणकाला जोडायचा यूएसबी रीडर घ्या, काम भराभर होतं.

पुसून लिहिता येतं ते आपल्याला, तसंच शेजाऱ्याच्या फोनलाही. म्हणून चिपमध्ये कायमचं कुलूप असतं. एकदा लावलं की ते उघडत नाही. घरच्या कूलरला ते लावूच नये असं माझं मत आहे. सीताबर्डीतल्या दुकानाच्या काउंटरवर लिंकचा स्टिकर असेल, तर मात्र लावलंच पाहिजे. चार बाइटचा पासवर्डही ठेवता येतो, पण तो उघडाच पाठवला जातो, त्यामुळे पैशांच्या व्यवहाराला तो पुरेसा नाही. दुकानदाराने एवढ्यावर थांबू नये: कुलूपबंद स्टिकरवरही कोणी दुसरा चिकटवू शकतं. आपल्या फोनने तो अधूनमधून वाचून लिंक आपलीच आहे ना, हे बघत राहावं.