प्रवाह डाव खेळत नाही: मासेमारीची जागा कशी ठरते याची पार्श्वभूमी

ओळखीच्या पाण्यात थोडं पण भरवशाचं घ्यावं, की लांब जाऊन इंधन आणि जाळी पणाला लावावीत, हा छोट्या होडीच्या तांडेलाचा रोजचा प्रश्न. अर्थशास्त्रात तो ठळकपणे आला १९५४ मध्ये. एच. स्कॉट गॉर्डन यांनी मांडलं, की जिथे मासळी जास्त तिथे होड्या जमत जातात आणि अखेर सगळीकडे सरासरी मिळकत सारखी होते. मांडणी नेटकी आहे, पण कुठे किती मासळी आहे हे आधीच ठाऊक असल्यासारखी.

मानववंशशास्त्रज्ञ विल्यम डॅव्हनपोर्ट यांनी १९६० मध्ये जमैकातल्या एका मच्छीमार गावाला गेम थिअरी लावली, म्हणजे समोरचा खेळाडू काय चाल करेल हे धरून आपली चाल ठरवण्याचं गणित; समोरचा खेळाडू म्हणून त्यांनी समुद्र धरला. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मासे धरायचे पिंजरे सुरक्षित राहत. बाहेर मासळी सरस, पण जोराचा प्रवाह आला की पिंजरेच वाहून जात. त्यांच्या हिशेबात फक्त बाहेर जाणाऱ्याला प्रवाह नसताना २०.६ पौंडांची कमाई होई, प्रवाह आल्यावर ४.४ पौंडांचा तोटा होई. गणित म्हणालं, ६७ टक्के तांडेलांनी आत राहावं, ३३ टक्क्यांनी पिंजरे आत-बाहेर वाटावेत, निव्वळ बाहेर कोणी जाऊ नये. प्रत्यक्षात आकडे निघाले ६९, ३१ आणि शून्य.

इतका जुळलेला निकाल पाहून शंका यायलाच हवी, आणि ती आली. समुद्र काही समोर बसलेला खेळाडू नव्हे. आत किती होड्या आहेत हे बघून प्रवाह वाहत नाही. तो साधारण चारपैकी एक वेळ येतो असं धरलं, तर सरासरीने बाहेर जाणंच किंचित जास्त फायद्याचं ठरतं. तरीही निव्वळ बाहेर कोणी जात नव्हतं. माझ्या मते खरी गोम इथे आहे: ज्याच्याकडे शिल्लक नाही त्याला सरासरी उपयोगाची नसते, लागोपाठ दोन वाईट फेऱ्यांत तो संपतो.

पुढे, १९८३ मध्ये बॉकस्टेल आणि ओपालुक या अर्थशास्त्रज्ञांनी अनिश्चितता मॉडेलमध्येच घेतली. त्यांना दिसलं, की बराच जास्त फायदा दिसल्याशिवाय मच्छीमार आपली नेहमीची मासेमारी बदलत नाहीत.

डाव खेळणारे खरोखर असतात, पण ते शेजारच्या होडीत. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडचे ट्रॉलर (जाळं ओढत नेणाऱ्या मोठ्या बोटी) कप्तान वायरलेसवर मासळीची माहिती कशी लपवतात, हे राऊल अँडरसन यांनी १९७२ मध्ये दाखवलं होतं. ट्रॉलर मोठे असले तरी सवय लहान होड्यांनाही परकी नाही: जागा सांगायची ती नातलगाला किंवा बदल्यात आपल्यालाही खबर देणाऱ्याला, बाकीच्यांना मोघम उत्तर.