आमरीचा दांडा: आधार आणि मांडणी

ऑर्किडच्या फुलांचा दांडा वजनाने मोडू नये आणि फुलं बघणाऱ्याकडे तोंड करून यावीत म्हणून त्याला काठी-तार लावणं, किंवा दांडा मुळातच लोंबणारा असेल तर त्याला मोकळं लोंबू देणं, या दोन्ही गोष्टी इथे एकाच नोंदीत घेतल्या आहेत. ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात, पण नर्सरीत हा शब्द बोललात तर समोरचा बघत राहतो. फुलोऱ्याला घरात दांडा किंवा तुरा म्हणतात आणि विकणारे स्पाइक म्हणतात. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने स्पाइक म्हणजे कणिश, आणि कणिशात फुलाला देठ नसतो. घरोघरच्या बहुतेक ऑर्किडच्या प्रत्येक फुलाला मात्र देठ असतो (निदान देठासारखा दिसणारा भाग तरी), म्हणजे ती मंजरी झाली. हा भेद किस काढल्यासारखा वाटेल, पण पुढे फूल कुठे वळतं हे त्या देठावरच ठरतं, म्हणून इथे सांगून ठेवला.

नावाचा एक घोळ जुना आहे. व्हँडा हे ऑर्किडच्या एका वंशाचं नाव संस्कृत ‘वन्दा’ या शब्दावरून आलं. संस्कृतचा इंग्रज अभ्यासक विल्यम जोन्स याच्या लेखात ते १७९५ मध्ये आलं आणि वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउनने १८२० मध्ये ते शास्त्रीय नाव म्हणून पक्कं केलं, इथवर वाद नाही. वाद आहे तो वन्दा म्हणजे नक्की काय यावर. काहीजण झाडावर वाढणारी कुठलीही वनस्पती असा सैल अर्थ घेतात, तर निघंटूंकडे (जुन्या औषधी शब्दकोशांकडे) बघून बोलणारे वन्दा-वन्दाक म्हणजे बांडगूळच म्हणतात. दुसरं मत जास्त पटतं, म्हणजे जोन्सच्या कानावर पडलेला शब्द बहुधा परजीवीचा होता आणि तो बिचाऱ्या आमरीला कायमचा चिकटला. बांडगूळ फांदीच्या आत शिरून रस ओढतं, आमरी नुसती सालीला धरून बसते आणि मुळांवरच्या जाड पांढुरक्या आवरणातून पावसाचं पाणी, दव टिपते. पण आंब्याच्या कलमाची साफसफाई करताना कोयता दोघांवर सारखाच चालतो. याच व्हँडाच्या मुळ्या काही प्रांतांत रास्ना या आयुर्वेदिक औषधाच्या नावाने विकल्या जातात. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोश मात्र रास्ना म्हणून प्लुचिया लॅन्सिओलाटा ही सूर्यफुलाच्या कुळातली वनस्पती धरतो, त्यामुळे दुकानात रास्ना मागितली तर कुठली मिळेल हे दुकानावर आहे.

कोकणातल्या घरांत ऑर्किड आली ती बरीचशी या कोयत्यामुळे आणि वादळात पडलेल्या फांद्यांमुळे. आंब्या-फणसाची फांदी पडते, तिच्यावरचं झुडूप कोणीतरी उचलून आणतं, नारळाच्या सोडणावर सुंभाने बांधतं आणि पडवीच्या वाशाला टांगतं. अशी सगळ्यात ओळखीची म्हणजे सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेटुसा), मे-जूनमध्ये तिचा पांढरा-जांभळा झुपका खाली सुटतो आणि एका झुपक्यात शंभरावर फुलं सहज असतात. तिला द्रौपदीमालाही म्हणतात. आसामात हीच कोपौ फूल, बिहूच्या नाचात केसात माळतात. ‘हॉर्टस मलबारिकस’ या १६७८ ते १६९३ मध्ये निघालेल्या बारा खंडांच्या ग्रंथात मलबारच्या झाडावरच्या आमरींची चित्रं आहेत आणि त्या कामात रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांचा हात होता, म्हणजे या किनाऱ्याच्या भाषेचा आणि ऑर्किडचा कागदावरचा संबंध चांगला तीनशे वर्षांचा धरायला हरकत नाही. टांगायच्या पद्धतीबद्दल मात्र जुन्या पुस्तकांत काही सापडत नाही. या वेणीला काठी लावायची नाही हे नक्की. उभी बांधली तर फुलं एकमेकांच्या पाठीवर चढल्यासारखी दिसतात. जंगलातून ओरबाडून मात्र आणू नये, सगळं ऑर्किड कुळच साइट्सच्या, म्हणजे धोक्यातल्या वन्य जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिशिष्टांत आहे.

काठी आली ती फॅलेनोप्सिसबरोबर, म्हणजे बाजारात फुललेली मिळते ती पांढरी-गुलाबी, पतंगासारखी (दिव्यावर येणारा किडा, कागदी नव्हे). वंशनाव वनस्पतिशास्त्रज्ञ ब्लूमने १८२५ मध्ये दिलं आणि त्याचा अर्थही पतंगासारखी दिसणारी असाच. ती घरी येते तेव्हा दांडा आधीच तारेला क्लिपने बांधलेला असतो, आणि पुढच्या वर्षी नवा दांडा निघाला की काय करायचं हे कोणी सांगितलेलं नसतं. मुळात तो निघायलाच काही आठवडे हवा साधारण २५-२६ अंशांच्या खाली लागते, किनाऱ्यावर ती डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींनाच मिळते, म्हणून इथे दांडा बहुतेक थंडी सरताना दिसतो. डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडच्या संकरांना उकाड्याचं एवढं वावडं नसतं, त्यांच्या दांड्याला एक काठी पुरते.

नवीन निघालेलं टोक चपटं आणि जरा एका अंगाला चोच काढल्यासारखं असेल तर दांडा, गोल गुळगुळीत असेल तर मूळ. दांडा वीतभर झाला की, कळ्या फुगायच्या आधी काठी लावायची. माणग्याची बारीक काठी सगळ्यात बरी, कारण सिंधुदुर्गातला हा बांबू जवळजवळ भरीव असतो, पोकळीत पाणी साचत नाही. कामटी घेतली तर कडा कोयतीने साफ करून घ्यायच्या, आणि ओली हिरवी कामटी नको, पावसाळ्यात आठ दिवसांत बुरशी धरते. नारळाचा हीर छोट्या डेंड्रोबियमला चालतो, फॅलेनोप्सिसचं वजन त्याला झेपत नाही. काठी कुंडीच्या कडेने, मुळं चुकवत हळूहळू आत सारायची, कर्र असा आवाज आला की थांबायचं, ते मूळ असतं. बांधायला जुन्या सुती साडीची चिंधी किंवा केसांचा छोटा क्लचर, सुतळी नको, काचते. सकाळी पाणी प्यायलेला दांडा काकडीसारखा कट्कन तुटतो, म्हणून पाणी द्यायच्या आधी, दुपारी, झाड जरा सैलावलेलं असताना वाकवायचा आणि तेही रोज थोडंथोडं. पहिली गाठ खालच्या दुसऱ्या पेराच्या आसपास, शेवटची सगळ्यात खालच्या कळीच्या खाली, त्याच्या वर काहीच बांधायचं नाही, तिथून तो आपोआप कमान घेतो.

कुंडी फिरवायची नाही हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो. बहुतेक ऑर्किडच्या कळीत ओठाची पाकळी वरच्या बाजूला असते, उमलताना देठ पीळ घेतो आणि ती खाली येते, किड्याला उतरायला जागा होते. हा पीळ गुरुत्वाकर्षणाच्या दिशेने बेतलेला असतो आणि शिवाय दांडा उजेडाकडे ओढला जातो. अर्धी फुलं उमलल्यावर कोणी पाहुणे येणार म्हणून कुंडी वळवली तर उमललेली फुलं तशीच राहतात, राहिलेल्या कळ्या नव्या दिशेला वळतात आणि दांडा वेणी चुकल्यासारखा दिसतो. यावर उपाय म्हणजे खिडकीकडच्या बाजूला कुंडीवर खडूने खूण करणं. शेवटची कळी उमलली की मग कुठेही न्या.

मांडणीच्या शैलींबद्दल थोडंच. जपानात तीन दांडे एका दिशेने कमानीत वाकवलेली पांढरी फॅलेनोप्सिस भेट द्यायची पद्धत आहे, त्याला जाड तारा लागतात. आपल्याकडे टीव्हीशेजारी ठेवतात, विषय संपला.

कोकणापुरती एक गोष्ट वेगळी सांगावी लागते ती आढीची. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू निघतो आणि ऑर्किडच्या कळ्यांना तो अजिबात सोसत नाही. आमच्याकडे एका मे महिन्यात नऊ कळ्यांचा दांडा उन्हाच्या तिरपेतून वाचवायला म्हणून मीच माजघरात नेऊन ठेवला, पेंढ्यातल्या हापूसपासून चार हातांवर, काठी सरळ, गाठी सैल, सगळं पुस्तकाप्रमाणे. तीन दिवसांत कळ्या पिवळ्या पडून एकेक गळायला लागल्या, आईने त्या शेणाने सारवलेल्या जमिनीवरून केरसुणीने गोळा केल्या आणि आंबे काही बाहेर नेऊ दिले नाहीत.