गुऱ्हाळावरची चिलटं आणि उलटलेलं गुणसूत्र

दिवाळीच्या सुमारास कोल्हापूरच्या पंचक्रोशीत गुऱ्हाळांची चुलवाणं पेटतात आणि आंबायला लागलेल्या मळीवर चिलटं जमतात. त्यातली तांबड्या डोळ्यांची, दोन-तीन मिलिमीटरची चिलटं म्हणजे ड्रोसोफिला. मादी नरापेक्षा मोठी आणि गारठ्यात वाढलेलं चिलट उन्हाळ्यातल्यापेक्षा मोठं. पण वेगवेगळ्या प्रदेशांतली चिलटं प्रयोगशाळेत एकाच तापमानाला पिढ्यान्‌पिढ्या वाढवली, तरी थंड मुलखातली मोठीच राहतात. म्हणजे हा फरक आनुवंशिकही आहे.

त्यामागचं एक कारण मला फार विलक्षण वाटतं. गुणसूत्र कधी कधी दोन ठिकाणी तुटतं, मधला तुकडा उलटा फिरतो आणि तसाच परत जोडला जातो. हे इन्व्हर्जन. आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी १९२१ साली ड्रोसोफिलातच त्याचा पुरावा दिला. यात एकही जनुक हरवत नाही, फक्त क्रम उलटतो. मग शरीराचा आकार का बदलावा?

मादीत अंडी तयार होताना आईबापांकडून आलेली गुणसूत्रं आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. (नर ड्रोसोफिलात ती जवळजवळ होतच नाही.) जोडीतलं एक गुणसूत्र सरळ आणि दुसरं उलटलेलं असेल, तर त्या भागात अदलाबदल झालेली गुणसूत्रं सदोष निघतात, पुढच्या पिढीत पोहोचत नाहीत. त्यामुळे उलटलेल्या तुकड्यातली शेकडो जनुकं उसाच्या मोळीसारखी बांधलेली राहतात. त्यात एकमेकांना साजेशी जनुकं आली, की निसर्गाची निवड अख्ख्या मोळीची होते.

अळीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं रंगवून कॉलेजातल्या सूक्ष्मदर्शकाखालीही हे इन्व्हर्जन बघता येतं. ती इतकी जाड असतात, की आडवे पट्टे स्पष्ट दिसतात. सरळ आणि उलटा तुकडा पट्ट्याला पट्टा जुळवू पाहतात, तेव्हा तिथे चक्क वेटोळं पडतं.

ड्रोसोफिला मेलानोगॅस्टरच्या तिसऱ्या गुणसूत्रावरचं '३आर पेन' हे इन्व्हर्जन उष्ण प्रदेशांत मुबलक आणि विषुववृत्तापासून दूर दुर्मीळ. ते असलेली चिलटं सरासरीने लहान भरतात. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर आणि उत्तर अमेरिकेतही हेच दिसलं. भारतात बनारस हिंदू विद्यापीठातल्या संशोधकांना या जातीतल्या इन्व्हर्जनांचं प्रमाण उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढताना आढळलं. आपलं कोल्हापूर सुमारे १६.७ उत्तर अक्षांशावर, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला.

ऑस्ट्रेलियात साधारण वीस वर्षांनी पुन्हा मोजणी झाली, तेव्हा '३आर पेन' आढळण्याचा भौगोलिक पट्टा दक्षिण ध्रुवाच्या दिशेने सरकलेला आढळला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात संशोधकांनी त्याचा संबंध तापत चाललेल्या हवामानाशी जोडला.