पार्श्वभूमी : जुन्या लष्करी विमानांच्या तपासणीचे नियम कसे घडत गेले

जुने लष्करी विमान कोसळले की त्या जातीच्या उरलेल्या विमानांची उड्डाणे थांबवून तपासणीचा आदेश निघतो. ही पद्धत आज ठरून गेल्यासारखी वाटत असली, तरी ती एकाच वेळी विचारपूर्वक आखलेली नाही. एकेका अपघातानंतर तिच्यात एकेका कलमाची भर पडत गेली आहे, आणि बहुतेक कलमांमागे माणसांचे मृत्यू आहेत.

या विमानांची मूळ अडचण त्यांच्या जन्मातच आहे. बी-17 या अमेरिकी बॉम्बफेकी विमानाने 1935 मध्ये पहिले उड्डाण केले आणि पुढे अशी 12,731 विमाने बांधली गेली, पण त्यांतले एखादे ऐंशी वर्षांनंतरही उडत राहील, असा विचार आरेखन करणाऱ्यांनी केला नव्हता. वारंवार ताण बसून धातूला येणारा थकवा हा विषय विमान अभियांत्रिकीच्या केंद्रस्थानी आला तो मुख्यतः 1954 मधील कॉमेट या प्रवासी विमानाच्या अपघातांनंतर. त्यामुळे किती तासांच्या उड्डाणानंतर पंखाचा मुख्य स्पार, म्हणजे पंखाचा भार पेलणारा आतील आडवा कणा, बदलावा, याचे उत्तर युद्धकाळातील विमानांच्या देखभाल पुस्तिकांत शोधून उपयोग नसतो. सैन्याने विकल्यानंतर अनेक विमानांचे मालक बदलत गेले, वापर बदलत गेला, आणि आधी सोसलेल्या ताणाचा पूर्ण हिशेब नेहमीच हाती राहिला नाही.

सुरुवातीचे नियम विमानापेक्षा वैमानिकाकडे आणि उड्डाणाच्या जागेकडे पाहणारे होते. 24 सप्टेंबर 1972 रोजी कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो येथे खाजगी मालकीचे सेबर हे जुने लढाऊ जेट उड्डाण घेताना आइस्क्रीमच्या दुकानावर आदळून 22 जण मरण पावले, त्यानंतर अशा जेटच्या दाट वस्तीवरील उड्डाणांबाबतचे नियम कडक झाले. 1980 मध्ये इंग्लंडमधील बिगिन हिल येथे ए-26 हे जुने बॉम्बफेकी विमान प्रात्यक्षिकादरम्यान कोसळून विमानातील सातही जण दगावले आणि तेथे प्रात्यक्षिकाच्या वेळी प्रवासी नेण्यास बंदी आली.

धातूकडे खऱ्या अर्थाने लक्ष वेधले ते पंख तुटण्याच्या घटनांनी. टी-34 हे लष्करी प्रशिक्षण विमान हौशी ग्राहकांना लुटुपुटूच्या हवाई लढाईचा अनुभव देण्यासाठी वापरले जात होते. 1999 मध्ये जॉर्जिया राज्यात अशा एका विमानाचा पंख हवेतच तुटला. अमेरिकेतील नागरी विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या एफएए या यंत्रणेने स्पारच्या तपासणीचा निर्देश काढला, तरीही 2003 आणि 2004 मध्ये टेक्सासमध्ये आणखी दोन विमाने तशीच पडली. एक जागा तपासून संपूर्ण सांगाडा निर्धोक ठरत नाही, हे या मालिकेतून जितके स्पष्ट झाले तितके क्वचितच कशातून झाले असेल.

याच काळात, 2002 च्या उन्हाळ्यात, वणवे विझवण्यासाठी वापरली जाणारी दोन माजी लष्करी विमाने महिन्याभराच्या अंतराने पंख तुटून कोसळली : 17 जूनला कॅलिफोर्नियात सी-130ए आणि 18 जुलैला कोलोरॅडोत पीबी4वाय-2. दोन्ही अपघातांत मिळून पाच जण गेले. एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात तपास यंत्रणेला दोन्हींत थकव्याने पडलेल्या चिरा आढळल्या आणि त्या शोधण्यास देखभालीची पद्धत अपुरी असल्याचे तिने नोंदवले. त्याहून गंभीर प्रश्न जबाबदारीचा होता. विमाने कंत्राटदारांची, काम सरकारी वनसेवेचे आणि प्रमाणपत्र नागरी यंत्रणेचे, अशा विभागणीत या वापराला ही विमाने योग्य आहेत का, हे ठरवणारे कोणीच उरले नव्हते. अखेर मे 2004 मध्ये 33 मोठ्या अग्निशामक विमानांची कंत्राटे रद्द झाली.

अपघाताचे कारण वेगळेच निघाले, तरी तपासात देखभालीतील उणिवा उघड होतात, हेही पुढे वारंवार दिसले. 2015 मध्ये ब्रिटनमधील शोरहॅम येथे हॉकर हंटर जेट महामार्गावर कोसळून 11 जण मरण पावले. कारण होते कमी वेग आणि अपुऱ्या उंचीवरून पूर्ण केलेली उभी गिरकी, पण त्याच्या इजेक्शन सीटमधील (संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनातील) स्फोटक काडतुसांची मुदत संपलेली असल्याचेही तपासात आढळले. 2018 मध्ये स्वित्झर्लंडच्या डोंगरात 1939 साली बांधलेले, पूर्वी स्विस हवाई दलात असलेले युंकर्स जेयू-52 पडून 20 जण दगावले. दोष वैमानिकांच्या धोकादायक उड्डाणाचा ठरला. मात्र अवशेषांत गंज आणि चिरा सापडल्याने ते विमान चालवणाऱ्या संस्थेच्या उरलेल्या विमानांची उड्डाणे थांबवावी लागली. अपघात झाला नसता, तर त्या चिरा कोणाच्या नजरेस कधी पडल्या असत्या, हा प्रश्न मला सर्वांत अस्वस्थ करणारा वाटतो.

2 ऑक्टोबर 2019 रोजी कनेक्टिकटमधील ब्रॅडली विमानतळावर प्रवाशांना नेणारे बी-17 कोसळून सात जण मरण पावले. उजव्या बाजूच्या दोन्ही इंजिनांत प्रज्वलन यंत्रणेचे, म्हणजे इंधन पेटवणाऱ्या भागांचे, दोष होते. ते विमान चालवणारा वैमानिकच विमानाची मालक असलेल्या संस्थेच्या देखभालीचा प्रमुखही होता, म्हणजे काम करणारा आणि त्या कामावर विसंबून उडणारा एकच. विमानाची मांडणी (चाके, पंखांवरील झडपा यांची स्थिती) आणि वेग नीट न सांभाळल्याचा ठपका एनटीएसबीने वैमानिकावर ठेवला, पण अपुरी देखभाल आणि एफएएची ढिली देखरेख हीही सहायक कारणे मानली. एफएएने मार्च 2020 मध्ये त्या संस्थेची पैसे घेऊन प्रवासी नेण्याची सवलत काढून घेतली.

2021 मध्ये आणखी एका बी-17 च्या पंखाच्या जोडणीत बिघाड आढळून त्याची उड्डाणे थांबली, 2023 मध्ये दुसऱ्या एका विमानाचेही तसेच झाले, आणि त्याच वर्षी एफएएने सर्व बी-17 साठी निर्देश काढला. पंख जिथे मुख्य सांगाड्याला जोडलेला असतो, तेथील सांधे चुंबकीय कणांच्या आणि एडी करंटच्या (धातूत प्रेरित केलेल्या विद्युतप्रवाहाच्या) पद्धतीने तपासावेत आणि दोष आढळल्यास दुरुस्तीशिवाय विमान उडवू नये, असे त्यात सांगितले आहे. या पद्धतींनी डोळ्यांना न दिसणारी चीरही सापडते. पण त्यासाठी भाग उतरवावे लागतात आणि सुटे भाग बनवणारे मूळ कारखाने आज उपलब्ध नसतात. ब्रिटनचे शेवटचे उडते व्हल्कन बॉम्बफेकी विमान 2015 मध्ये उडायचे कायमचे थांबले ते कोणत्याही अपघाताने नव्हे. त्याच्या तांत्रिक सुरक्षिततेची हमी देणाऱ्या कंपन्यांनी आपला पाठिंबा काढून घेतला होता.