फोटो हललाय की फोकस चुकलाय?

गणपतीच्या पाच दिवसांत माझ्या भाचीने घरच्या आरतीचे सत्तरेक फोटो काढले. विसर्जन झाल्यावर कॅमेरा माझ्या हातात देत म्हणाली, "मामा, याचा फोकस गेलाय. दुरुस्तीला टाकायला हवा." कॅमेरा छोटा, खिशात मावणारा कॉम्पॅक्ट, फोर्टमधून सेकंडहँड घेतलेला. मी फोटो लॅपटॉपवर घेतले आणि एकेक मोठा करून पाहिला. पाच-सहा सोडले तर बाकी सगळ्यांत फोकस जागेवर होता. फोटो हलले होते.

या दोन दोषांची गल्लत इतकी सर्रास होते की दोन्हींना आपण एकाच शब्दात 'ब्लर' म्हणून मोकळे होतो. त्यात भाचीची चूक नाही. कॅमेऱ्याच्या मागचा स्क्रीनच तिला नीट सांगत नव्हता. अनेक कॉम्पॅक्टवर ९ लाख २० हजार डॉटचा स्क्रीन असतो. एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट लागतात, म्हणजे प्रत्यक्षात तिथे ६४० गुणिले ४८०, साधारण ३ लाख ७ हजार पिक्सेल असतात. त्यावर २० मेगापिक्सेलचा फोटो दाखवायचा तर स्क्रीनच्या एका पिक्सेलमध्ये फोटोचे पासष्ट पिक्सेल कोंबावे लागतात. एवढ्या गर्दीत हललेली कडा आणि फोकसबाहेरची कडा सारखीच मऊ दिसणार. म्हणून पहिलं काम म्हणजे फोटो पूर्ण मोठा करून पाहणं.

मोठा केला की बघायचं काय? उजेडाचे ठिपके. निरांजनाची ज्योत, माळेतला बारीक दिवा, मूर्तीच्या मुकुटावरची चमक, काहीही चालेल. फोकस चुकला असेल तर ठिपका चहूबाजूंनी सारखा फुगतो, त्याची गोल चकती होते. कॅमेरा हलला असेल तर ठिपक्याला शेपूट फुटतं. रेघ उमटते, कधी स्वल्पविरामासारखी वाकडी, आणि फोटोतल्या स्थिर दिव्यांच्या रेघा बहुतेक वेळा एकाच दिशेने जातात. बटण दाबताना कॅमेऱ्याचा उजवा कोपरा खाली ढकलला जातो, त्यामुळे ही रेघ पुष्कळदा उभी किंवा तिरपी पडते. भाचीच्या फोटोंत माळेतल्या प्रत्येक दिव्याला तशीच तिरपी शेपटी होती.

हे डोळ्यांत पक्कं बसवायचं असेल तर संध्याकाळी मरीन ड्राइव्हला जा. राणीच्या हारातले दिवे म्हणजे ओळीने मांडलेले ठिपकेच. एक फोटो हातात कॅमेरा धरून काढा. दुसरा कॅमेरा कट्ट्यावर टेकवून, २ सेकंदांचा सेल्फ-टायमर लावून. तिसरा मुद्दाम बिघडवा: जवळच्या माणसाच्या शर्टावर बटण अर्धं दाबून फोकस धरा, तसंच दाबून ठेवून कॅमेरा दिव्यांकडे वळवा आणि मग पूर्ण दाबा. यासाठी झूम थोडा पुढे घेतलेला असावा. तीन फोटो शेजारी ठेवले की शेपूट, नेमका ठिपका आणि चकती, तिन्ही एका नजरेत दिसतात. माझ्या मते कॉम्पॅक्टची पारख शिकण्याचा याहून चांगला धडा मुंबईत नाही. पैसेही लागत नाहीत.

दुसरी खूण म्हणजे फोटोत काहीतरी तरी स्वच्छ आहे का ते शोधणं. फोकस चुकतो तेव्हा तो कुठेतरी दुसरीकडे बसलेला असतो. आपल्याकडे बहुधा खिडकीच्या ग्रिलवर. घरातून पावसाचा फोटो काढताना ग्रिलचा रंग उडालेला दिसतो, गजावरचा थेंब दिसतो, मागची इमारत मात्र मऊ. साध्या कॉम्पॅक्टचा ऑटोफोकस कॉन्ट्रास्टवर चालतो. भिंग पुढे-मागे सरकवून कडा सर्वांत ठसठशीत कुठे दिसते ते तो शोधतो. काळाभोर गज आणि पांढरट आभाळ यांच्यासारखी ठसठशीत कडा त्याला दुसरी कुठे मिळणार? हललेल्या फोटोत असा आसरा नसतो. जवळचं, लांबचं सगळंच ओढलं जातं.

निदान नीट करायचं ते एवढ्यासाठी की दोन्हींचे उपाय एकमेकांच्या वाटेत येतात. हलणं टाळायचं तर शटर, म्हणजे उजेड आत घेणारी झडप, जलद उघडून मिटायला हवं. म्हणजे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) वाढवा, अ‍ॅपर्चर (भिंगाचं उजेड आत येण्याचं छिद्र) उघडा, कोपर अंगाशी घ्या, खांबाला टेका. फोकस सांभाळायचा तर स्क्रीनवरची फोकसची मधली एकच चौकट निवडा, बटण अर्धं दाबून हिरवी खूण येईपर्यंत थांबा, हवं तर अ‍ॅपर्चर थोडं मिटा. आता हललेल्या फोटोला फोकसचा दोष समजून कुणी अ‍ॅपर्चर मिटलं, तर उजेड घटतो, शटर आणखी रेंगाळतं आणि फोटो आणखी हलतो. आणि फोकस चुकलेला असताना आयएसओ वाढवला तर हाती फक्त दाणेदार फोटो लागतो. माझ्या भाचीने पाचव्या दिवशी नेमकं पहिलं केलं होतं. शेवटच्या आरतीचे, सगळ्यांत गर्दीचे फोटो त्यातच गेले. ते पाहताना मला फार हळहळ वाटली.

झूम कुठे होता हे पाहिल्यावर अर्धा निकाल तिथेच लागतो. छोट्या कॉम्पॅक्टमधला १/२.३ इंची सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चिप, जेमतेम ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटर. झूमचे आकडे ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने सांगतात; त्या हिशेबातला २४ मिमीचा रुंद कोन म्हणजे इथे भिंगाची खरी फोकल लेंग्थ ४.३ मिमीच्या आसपास. छिद्र एफ ३ ला ठेवून (एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं) सव्वा मीटरवर फोकस धरला तर साधारण साठ सेंटिमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्वच्छ येतं. इतकी मोकळीक असताना देवघरातला रुंद फोटो मऊ आला तर मी आधी हाताकडे बोट दाखवेन. तोच कॅमेरा वीसपट झूमवर, ४८० मिमीला नेला की सगळं पालटतं. दादर चौपाटीवरून सी लिंकच्या तारा टिपताना फोकसची चूक लगेच दिसते आणि हात हलणंही. हातात धरून काढायला शटर साधारण १/५०० सेकंदाचं लागतं. हाताचं हलणं सावरणारा स्टॅबिलायझर तीन स्टॉप (दर स्टॉपला शटरचा वेळ दुप्पट) सांभाळत असेल तर १/६० पर्यंत निभावतं.

शिवाय झूम केल्यावर भिंग उजेडही कमी देतं. सोनीच्या २०१२ च्या आरएक्स१०० या कॉम्पॅक्टचंच घ्या. २८ मिमीला एफ १.८, १०० मिमीला एफ ४.९. उजेड सातपटींहून कमी आणि झूम साडेतीनपट वाढल्याने शटर मात्र तेवढंच जलद हवं. म्हणजे पंचवीसपटींच्या घरात तूट. देवघराच्या दारात उभं राहून झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जावं, ते यासाठी.

एक तिसरा भिडू मध्ये येतो, तोही पटकन ओळखावा. दादर स्टेशनवर गाडी शिरतानाच्या फोटोत फलाट, खांब, इंडिकेटर स्वच्छ आणि डबे तेवढे ओढलेले असतील तर कॅमेरा स्थिर होता, फोकसही ठीक होता. विषय हलला. इथे स्टॅबिलायझर काही करू शकत नाही, तो फक्त आपला हात सावरतो. आरतीत फिरणाऱ्या ताटाचं तसंच. आणि पावसाळ्यात एसी गाडीतून उतरल्या उतरल्या काढलेला फोटो धुरकट आला तर भिंगावर दव धरलंय. पंधरा-वीस मिनिटं थांबा, आपोआप उडतं.

कॅमेरा खरोखर दुरुस्तीचा आहे का हे ठरवायला आम्ही घरीच एक चाचणी केली. भिंतीला मराठी वर्तमानपत्राचं उघडं पान चिकटवलं, कॅमेरा स्टुलावर पुस्तकांच्या थप्पीवर पानासमोर अगदी सरळ ठेवला, दिवसाउजेडी सेल्फ-टायमर लावून झूमच्या दोन्ही टोकांना पाच-पाच फोटो काढले. दर फोटोआधी फोकस नव्याने घेतला. पाचही फोटोंत मधली अक्षरं वाचता आली तर फोकसची यंत्रणा चालू आहे. कधी स्वच्छ, कधी मऊ असं झालं तर ती अडखळतेय. आणि प्रत्येक वेळी पानाची एकच बाजू पुसट येत असेल, तर आतलं एखादं भिंग जागचं सरकलेलं असण्याची शक्यता मोठी. आधीच्या मालकाच्या हातून कॅमेरा पडला असेल तर असं होऊ शकतं.

भाचीच्या कॅमेऱ्याने रुंद टोकाला सगळी अक्षरं दाखवली, अगदी छोट्या जाहिरातींमधलीसुद्धा. झूमच्या टोकाला मात्र उजवीकडचा स्तंभ पाचही वेळा पुसट आला. कॅमेरा उलटा धरून पुन्हा काढलं, तेव्हा पानाची डावी बाजू पुसट झाली. म्हणजे दोष पानात नाही, भिंगात आहे. ते फोटो पेन ड्राइव्हवर घेऊन ती आता दुकानात जाणार आहे. "फोकस गेलाय" असं न सांगता "झूमला उजवी बाजू मऊ येते" असं सांगणार आहे.