बोटं मोडल्याने संधिवात होत नाही

‘बोटं मोडू नकोस, हाडं झिजतील, म्हातारपणी संधिवात होईल.’ हे लहानपणी ऐकलं नाही असं माणूस विरळाच. पण तो कट्ट आवाज हाडावर हाड आपटल्याचा नसतो.

सांध्यात हाडांची टोकं गुळगुळीत कूर्चेने मढवलेली असतात आणि भोवतीच्या पिशवीत वंगणासारखा दाट द्रव असतो. बोट ओढलं की आतली जागा वाढते, दाब एकदम उतरतो आणि द्रवात विरघळलेल्या वायूचा बुडबुडा होतो. आवाज या घडामोडीतूनच येतो. तेच बोट लगेच पुन्हा मोडून पाहा, वाजणार नाही. वायू परत विरघळायला साधारण 20 मिनिटं लागतात. हाडं घासत असती, तर आवाज दर वेळी आला असता!

डोनाल्ड अंगर या अमेरिकी डॉक्टरांनी तर 50 वर्षं फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्याची सहसा नाही. 1998 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: संधिवात एकाही हाताला नाही. एकाच माणसाचा प्रयोग म्हणजे अंतिम पुरावा नव्हे, हे खरं. पण अनेक लोकांच्या तपासण्यांतही बोटं मोडणं आणि संधिवात यांचा संबंध दिसलेला नाही.

मात्र आवाजासोबत दुखत असेल, सूज असेल किंवा बोट अडकत असेल, तर ते वेगळं. तेव्हा डॉक्टरांना दाखवाच.