कुरणातील रानटी बहुवर्षायू द्विदल वनस्पती : अधिवास व वाढ

कुरणात न पेरता उगवणाऱ्या आणि वर्षानुवर्षे त्याच बुडख्यातून पुन्हा फुटणाऱ्या शेंगावर्गीय चारा वनस्पतींच्या वाढीवर जमीन, ओल, ऊन, थंडी व चराई यांचा होणारा परिणाम. पांढरा व तांबडा क्लोव्हर, पिवळ्या फुलांचा रानटी लसूणघास, लोटस, सेनफॉइन ही समशीतोष्ण कुरणांतली, तर स्टायलो व डेस्मोडियम ही उष्ण प्रदेशांतली परिचित उदाहरणे.

जमीन जितकी कसदार तितकी वाढ चांगली, हा हिशेब इथे चुकतो. मुळांवरच्या गाठींतले रायझोबियम गटाचे जिवाणू हवेतला नत्र वनस्पतीला मिळवून देतात. म्हणून नत्र कमी, पण स्फुरद, पालाश आणि चुना पुरेसा अशा जागी गवताची उपासमार होते आणि द्विदलांना मोकळे रान मिळते. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८५६ पासून चालू असलेल्या पार्क ग्रास प्रयोगात हे स्पष्ट दिसते : अमोनियायुक्त खत भरपूर मिळालेल्या तुकड्यांत द्विदले जवळजवळ संपली, नत्राविना स्फुरद-पालाश मिळालेल्या तुकड्यांत ती चांगलीच फोफावली.

झाडाचे बरे चालले आहे की नाही, हे पानांआधी गाठी सांगतात. हलक्या हाताने मूळ उपटून गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी रंग दिसला, तर लेगहिमोग्लोबिन (गाठीला हा रंग देणारे प्रथिन) शाबूत आहे व नत्र बांधला जात आहे. हिरवट किंवा तपकिरी दिसली, तर ते काम थांबलेले असते. आम्ल जमिनीत असे वरचेवर आढळते. सामू (पीएच) ५ च्या खाली गेला की मातीतले ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके खुंटवते आणि नत्र बांधणाऱ्या विकराला (एन्झाइमला) लागणारे मॉलिब्डेनम मिळेनासे होते. लसूणघासाचे जिवाणू तर आम्लतेपुढे लवकर हार मानतात. मग रोप जगते, पण पिवळे पडून नत्रासाठी गवताशीच झगडत बसते. लोटसच्या जाती त्यामानाने सोशिक.

पाण्याच्या बाबतीत प्रत्येकाची तऱ्हा निराळी. लसूणघासाचे सोटमूळ कित्येक मीटर खोल जाते, त्यामुळे वरची माती सुकली तरी तो तग धरतो; मात्र पाणी साचलेले त्याला खपत नाही, कारण मुळांना आणि गाठींना श्वसनासाठी हवा लागते. दलदलीत वाढणारा मोठा लोटस मुळांतल्या हवेच्या पोकळ्यांवर निभावून नेतो. पांढऱ्या क्लोव्हरचे मूळचे सोटमूळ एक-दोन वर्षांत मरते. पुढे सगळी भिस्त जमिनीलगत सरपटणाऱ्या खोडांच्या पेरांवर फुटलेल्या उथळ मुळांवर असल्याने अवर्षणात पहिला फटका त्यालाच बसतो.

याच सरपटण्याचा चराईत फायदा होतो. जनावरे पाने ओरबाडतात, पण वाढीचे कोंब बहुधा तोंडाखालीच राहून जातात. गवत उंच झाले, की क्लोव्हर पानांचे देठ लांबवून उजेड गाठू पाहतो. सावली दाट झाल्यास पेरांवरच्या फांद्या कमी फुटतात व झाड विरळ होते. ताठ वाढणाऱ्या लसूणघासाचे उलट : मुळांतला साठा भरून यायच्या आत तो वारंवार कापला गेला, तर बुडखाच खंगतो. शरद ऋतूतली अवेळी चराई विशेष घातक, कारण हिवाळा त्याच साठ्यावर काढायचा असतो.

एकाच जातीतही अधिवासानुसार भेद पडतात. उबदार हिवाळ्याच्या भागांत पांढऱ्या क्लोव्हरची, पाने चिरडल्यावर सायनाइड सोडणारी झाडे जास्त, तर कडक थंडीच्या भागांत ती कमी आढळतात. त्यामुळे दूरच्या प्रदेशातले बी आणून कुरण सुधारण्याचा बेत जपूनच करावा.

पुष्कळ जातींचे बी कठीण कवचाचे असते. त्यातून पाणी आत शिरत नाही. दिवसरात्रीच्या तापमानातील चढउतारांनी कवच हळूहळू सैल पडते, तर काही बी जनावरांच्या पोटातून शेणावाटे नव्या जागी पडते. म्हणून एका हंगामाचे सारे बी एकदम उगवत नाही, आणि मोठी झाडे दुष्काळात मेली तरी मातीत पुढच्या पावसासाठी बी शिल्लक असू शकते.